रोहिणी ते सूर्या: धरणाकाठचे गाव आणि आपल्या नळाचे पाणी

वसई पूर्वेला महामार्गालगत सातिवली हे गाव आहे. एका बाजूला तुंगारेश्वरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला औद्योगिक गाळे, चाळी आणि कामगारवस्त्या. वालीव, गोखिवरे, सातिवली या पट्ट्यात कोकण, मराठवाडा, विदर्भातून पोट भरायला आलेली अनेक बौद्ध कुटुंबे राहतात. येथून काही मैलांवर नालासोपाऱ्याचा स्तूप आहे. आपण दरवर्षी तेथे वंदनेला जातो. पण घरी परतल्यावर ज्या नळाचे पाणी पितो, ते कोठून येते, कोणाच्या शेतावरून येते, त्यासाठी कोणते गाव उठले, याची माहिती आपल्यापैकी फार थोड्यांना असते.

हा लेख त्या माहितीसाठी आहे. पालघर जिल्ह्यातील सूर्या प्रकल्प, त्याच्या काठची गावे, वसई-विरारपर्यंतचा पाण्याचा प्रवास, हिमालयातील बौद्ध गावांसमोरचा असाच प्रश्न आणि या साऱ्याकडे पाहण्याची बुद्ध-आंबेडकरी दृष्टी, असा त्याचा क्रम आहे. अभ्यासवर्गात, विहारातील चर्चेत किंवा निवेदन लिहिताना तो संदर्भ म्हणून वापरता यावा, हा हेतू आहे.

सुरुवात रोहिणीच्या बंधाऱ्यापासून

धरण आणि सीमेवरचे गाव हा विषय बौद्धांना नवा नाही. हिमालयाच्या पायथ्याशी कपिलवस्तूचे शाक्य आणि शेजारचे कोलीय यांच्या मधून रोहिणी नदी वाहत होती. ही नदी आजही नेपाळच्या तराईतून येते आणि गोरखपूरजवळ राप्तीला मिळते. पाली अट्ठकथांनुसार दोन्ही गणांनी नदीवर एकच बंधारा घातला होता आणि दोघेही त्याच पाण्यावर शेती करत. एका ज्येष्ठ महिन्यात पाणी आटले, पिके माना टाकू लागली. दोघांनाही पुरेल इतके पाणी नव्हते. एक पक्ष म्हणाला, आमचे पीक एका पाण्यात हाती येईल, तेव्हा पाणी आम्हाला द्या. दुसऱ्याचेही म्हणणे तेच. शेतमजुरांमधील बाचाबाची कुळाच्या उखाळ्यापाखाळ्यांवर गेली, तेथून अमात्यांकडे, तेथून राजकुळांकडे, आणि शेवटी दोन्ही सैन्ये शस्त्रे घेऊन नदीवर उभी राहिली.

अट्ठकथेत तथागत तेथे जातात आणि भांडण कशाचे आहे, असे विचारतात. वरच्या अधिकाऱ्यांना ते नीट सांगता येत नाही. विचारत विचारत शेवटी शेतात राबणाऱ्यांकडून उत्तर मिळते: पाण्याचे. मग तथागत पाण्याचे मोल आणि माणसाचे मोल यांची तुलना करायला लावतात आणि युद्ध टळते. धम्मपदातील सुखवग्गाच्या पहिल्या तीन गाथांची पार्श्वभूमी हीच कथा आहे, असे परंपरा मानते.

बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात या प्रसंगाला आणखी मोठे स्थान दिले. रोगी, म्हातारा आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही प्रचलित कथा त्यांनी नाकारली. त्यांच्या मांडणीत सिद्धार्थ शाक्य संघाचा सभासद आहे. रोहिणीच्या पाण्यावरून कोलीयांशी युद्ध करण्याचा ठराव सेनापती मांडतो, तेव्हा सिद्धार्थ विरोध करतो. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी वाद मिटवावा, अशी त्याची सूचना असते. बहुमत ती फेटाळते. सिद्धार्थ लढायला नकार देतो. कुटुंबावर सामाजिक बहिष्कार आणि जमीनजप्ती येऊ नये म्हणून तो परिव्रज्या पत्करतो.

म्हणजे बाबासाहेबांच्या मांडणीनुसार आपल्या धम्माच्या उगमाशीच एका नदीच्या पाणीवाटपाचा प्रश्न आहे. आणि त्यावरचा मार्गही स्पष्ट आहे: दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी, समान संख्या, पुराव्यांवर चर्चा, बळाचा वापर नाही.

(एक खबरदारी. प्राचीन कोलीय आणि आपल्याकडचे आजचे कोळी समाज यांचा संबंध केवळ नावाच्या साम्यावरून जोडू नये.)

सूर्या प्रकल्प: मूलभूत माहिती

सूर्या ही वैतरणेची उपनदी. पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ पूर्व भागातून उतरून ती वैतरणेला मिळते. या नदीवर विक्रमगड-डहाणूच्या परिसरात धामणी येथे मातीचे मोठे धरण आहे. त्याची उंची सुमारे ५९ मीटर, लांबी दीड किलोमीटरहून थोडी अधिक आणि उपयुक्त साठा सुमारे २७६ दशलक्ष घनमीटर. धरणाच्या खालच्या बाजूला कवडास येथे उन्नयी बंधारा आहे. धामणीतून सोडलेले पाणी कवडासला अडवले जाते आणि तेथून डाव्या व उजव्या कालव्यात जाते.

प्रकल्प मुळात सिंचनासाठी होता. डहाणू, पालघर आणि विक्रमगड भागातील सुमारे १४,७०० हेक्टर जमीन भिजवणे हे त्याचे उद्दिष्ट. या पट्ट्यात पावसाळी भात निघाला की जमीन पडून राहते आणि माणसे कामासाठी बाहेर पडतात. वीटभट्टी, बांधकाम, रेती, वसई-भिवंडीचे कारखाने ही त्यांची ठिकाणे. कालव्याचे पाणी मिळाले तर उन्हाळी भात, भाजीपाला घेता येतो आणि कुटुंबाचे स्थलांतर थांबते. म्हणून येथे पाण्याच्या प्रश्नात मुलांची शाळाही येते आणि कुपोषणही येते.

पुढच्या काळात या पाण्याला नवे मागणीदार आले. तारापूरची औद्योगिक वसाहत, तारापूर अणुऊर्जा केंद्र, पालघर शहर व परिसरातील गावे, वसई-विरार आणि शेवटी मीरा-भाईंदर. धरण तेच राहिले, वाटेकरी वाढत गेले.

धरणाकाठची गावे

धामणी आणि कवडासच्या पाण्याखाली गेलेली जमीन प्रामुख्याने आदिवासींची होती. वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी हे या भागातील प्रमुख समाज. विस्थापितांपैकी काहींचे पुनर्वसन डहाणू तालुक्यातील चंद्रनगर आणि हनुमाननगर येथे झाले. नावे शहरी वाटतात, पण या वस्त्या म्हणजे उठवलेली गावे आहेत.

आदिवासीचे गाव उठते तेव्हा काय काय जाते, हे सरकारी पंचनाम्यात पूर्ण येत नाही. सातबाऱ्यावरची जमीन मोजली जाते. पण ज्या वनजमिनीवर पिढ्यान् पिढ्या नाचणी-वरी घेतली, ती कागदावर सरकारची असते. नदीतले मासे, जंगलातला मोह, डिंक, सरपण, गवत, कंद यांची किंमत कोणी लावत नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात भरपाईचा आधार जमिनीवरचा कायदेशीर हक्क हाच होता. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नसे.

हा मुद्दा बौद्ध तरुणांनी नीट समजून घ्यावा. महाराष्ट्रातील अनेक धरणांत दलितवस्त्याही उठल्या आहेत. तेथेही भूमिहीन कुटुंबांची हीच गत झाली. शेतमालकाला मोबदला मिळाला, शेतावर राबणाऱ्याला मिळाला नाही. शहरात आलेल्या आपल्या कुटुंबांपैकी काहींच्या मागे अशीच बुडालेली वस्ती असू शकते. घरातल्या आजी-आजोबांना एकदा विचारून पाहावे.

पालघर-डहाणूचा आदिवासी गप्प बसलेला नाही. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या साथीने वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. सत्तरच्या दशकात भूमिसेनेने हडपलेल्या जमिनी परत मिळवण्याची चळवळ उभारली. १९७८ पासून कष्टकरी संघटना जव्हार-डहाणू भागात जमीन, जंगल आणि रोजगाराच्या प्रश्नावर काम करत आली. सूर्याचे पाणी शहरांकडे नेण्याचा निर्णय झाला तेव्हा आदिवासी आणि शेतकरी संघटनांनी मोर्चे काढले. आधी आमचे कालवे पूर्ण करा, आमच्या शेताला पाणी द्या, मग उरलेले न्या, हा त्यांच्या मागणीचा गाभा होता.

सातिवलीपर्यंतचा प्रवास

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. त्यानंतर ती झपाट्याने वाढली आहे. शहराचे जुने जलस्रोत असे सांगितले जातात: सूर्या योजनेच्या दोन टप्प्यांतून प्रत्येकी १०० दशलक्ष लिटर, उसगाव धरणातून २० दशलक्ष लिटर, पेल्हार धरणातून १० दशलक्ष लिटर आणि पापडखिंड धरणातून सुमारे १ दशलक्ष लिटर प्रतिदिन.

सूर्याच्या या जुन्या योजनेचे पाणी मासवण येथे नदीतून उचलले जाते, धुकटण येथील केंद्रात शुद्ध होते आणि मोठ्या जलवाहिन्यांतून दक्षिणेकडे वसई-विरारला येते. वीज गेली किंवा वाहिनी फुटली की शहरात पाण्याची बोंब होते, ती या लांब प्रवासामुळे.

यानंतर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना हाती घेतली. तिची क्षमता ४०३ दशलक्ष लिटर प्रतिदिन. त्यातील १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारला आणि २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरला. पाणी कवडासजवळ उचलून सूर्यानगर येथे शुद्ध केले जाते, मेंढवण खिंडीच्या बोगद्यातून महामार्गाच्या कडेने विरारजवळ काशिदकोपरच्या जलकुंभापर्यंत आणले जाते. पुढचा बोगदा तुंगारेश्वरच्या डोंगरातून मीरा-भाईंदरच्या दिशेने जातो. म्हणजे सातिवलीच्या मागे दिसणाऱ्या डोंगराच्या पोटातून चंद्रनगर-हनुमाननगरच्या नदीचे पाणी जाण्याची ही वाट आहे.

आणि तरीही सातिवली, वालीवच्या चाळींत टँकर चुकत नाही. धरणातून पाणी शहरात येणे आणि ते चाळीतल्या नळाला येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंतर्गत वाहिन्या, जलकुंभ, अधिकृत जोडणी, इमारतीची कागदपत्रे या साऱ्यांवर शेवटचा टप्पा अवलंबून असतो. अनधिकृत ठरलेल्या चाळीतला कामगार पाण्यासाठी सर्वात जास्त पैसे मोजतो. त्यामुळे आदिवासी विरुद्ध शहरी अशी साधी मांडणी चुकीची आहे. नदीच्या वरच्या टोकाला विस्थापित तहानलेला आहे आणि वाहिनीच्या खालच्या टोकाला कामगार तहानलेला आहे.

साधा हिशोब

भाषण करताना आकडे हाताशी असावेत, म्हणून हा हिशोब मांडतो. एक दशलक्ष घनमीटर म्हणजे एक हजार दशलक्ष लिटर. पावसाळ्यात नदी स्वतःच वाहते, धरणावरचा खरा भार नोव्हेंबर ते जून या आठ महिन्यांत, म्हणजे सुमारे २४० दिवस असतो.

नवी योजना पूर्ण क्षमतेने चालली तर ४०३ दशलक्ष लिटर गुणिले २४० दिवस म्हणजे सुमारे ९७ दशलक्ष घनमीटर पाणी लागेल. धामणीच्या उपयुक्त साठ्याच्या ते सुमारे ३५ टक्के होते. वसई-विरारच्या जुन्या दोन टप्प्यांचे २०० दशलक्ष लिटर धरले तर आणखी ४८ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे १७ टक्के. दोन्ही मिळून साठ्याचा अर्ध्याहून थोडा अधिक वाटा होतो. त्यात उद्योग, अणुऊर्जा केंद्र, पालघर आणि बाष्पीभवन धरलेले नाही. हा ढोबळ अंदाज आहे, सरकारी वाटपपत्र नव्हे. पण सिंचनासाठी बांधलेल्या धरणातून शेतीला किती उरणार, हा शेतकऱ्याचा प्रश्न हवेतला नाही, एवढे त्यातून कळते.

दुसरा मुद्दा पुढचा आहे. विक्रमगड तालुक्यात देहरजी नदीवर नवे धरण होत आहे. त्यातून प्रतिदिन सुमारे २५५ दशलक्ष लिटर पाणी मिळणार असून मोठा वाटा पुन्हा वसई-विरारचा आहे. म्हणजे सूर्याची गोष्ट इतिहासजमा झालेली नाही. आपल्याच शहरासाठी, आपल्याच काळात, आणखी गावे उठत आहेत. मुंबईनेही हेच केले. तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा ही धरणे आदिवासी डोंगरांत आहेत, आणि मोखाडा-जव्हारच्या पाड्यांत दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते.

हिमालयातील आपले बांधव

हाच प्रश्न हिमालयाच्या सीमेवर बौद्ध गावांसमोर उभा आहे. अरुणाचल प्रदेशात तवांग जिल्ह्यात झेमिथांग हे मोनपा बौद्धांचे छोटे गाव न्यामजांग छू नदीकाठी आहे. १९५९ मध्ये दलाई लामा याच भागातून भारतात आले. येथील गोरसम चोर्तेन हा स्तूप प्रसिद्ध आहे. या नदीवर ७८० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प मंजूर झाला. पण झेमिथांगच्या नदीपात्रात हिवाळ्यात काळ्या मानेचे क्रौंच उतरतात. मोनपा बौद्ध या पक्ष्याला पवित्र मानतात. एप्रिल २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी स्थगित केली. पुढच्याच महिन्यात, २ मे २०१६ रोजी, धरणविरोधी आंदोलनातील एका लामांच्या अटकेविरुद्ध तवांगमध्ये लोक जमले असता पोलीस गोळीबारात दोघांचा मृत्यू झाला. त्यातील एक तरुण भिक्खू होते.

सिक्कीममध्ये युक्सोमजवळच्या राथोंग छू नदीवरचा प्रकल्प १९९७ मध्ये रद्द झाला. तो परिसर सिक्कीमच्या बौद्ध परंपरेत पवित्र आहे आणि भिक्खू व स्थानिक नागरिक त्यासाठी एकत्र उभे राहिले. २००७ मध्ये झोंगू भागातील लेपचा तरुणांनी तीस्तेवरील प्रकल्पांविरुद्ध गंगटोकमध्ये दीर्घ उपोषण केले. त्यानंतर झोंगूमधील काही प्रकल्प सरकारला मागे घ्यावे लागले.

आंदोलकांची भीती खोटी नव्हती. ३ आणि ४ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्री दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर फुटले. चुंगथांग येथील १,२०० मेगावॉटच्या तीस्ता-३ प्रकल्पाचे धरण काही मिनिटांत वाहून गेले आणि खालच्या वस्त्यांत अनेक माणसे मृत्युमुखी पडली.

महाराष्ट्रातही सीमेवरचे असे गाव आहे. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली, नर्मदेच्या काठी, गुजरातच्या सीमेवर. सरदार सरोवराच्या बुडितात जाणाऱ्या महाराष्ट्रातील ३३ आदिवासी गावांमध्ये ते अगदी पुढे. या गावाच्या नावाने १९९४ मध्ये जगभरातील संघटनांनी जागतिक बँकेच्या मोठ्या धरणांच्या कर्जाविरुद्ध जाहीरनामा काढला. त्याआधी १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला होता. धरणाविरुद्धच्या संघर्षाची महाराष्ट्रातील परंपरा शंभर वर्षांची आहे.

धम्माच्या इतिहासातील पाणी

बौद्ध परंपरा धरणविरोधी नाही, पाणीविरोधी तर नाहीच. सम्राट अशोकांच्या दुसऱ्या शिलालेखात माणसे आणि पशू यांच्यासाठी विहिरी खोदल्याचा आणि झाडे लावल्याचा उल्लेख आहे. गिरनारजवळील सुदर्शन तलाव चंद्रगुप्त मौर्यांच्या काळात पुष्यगुप्ताने बांधला आणि अशोकांच्या काळात तुषास्फाने त्याला कालवे काढले, असे रुद्रदामनाच्या इ. स. १५० च्या सुमाराच्या लेखात आहे. तो बांध पुरात फुटला तेव्हा प्रजेवर जादा कर किंवा वेठ न लादता राजकोषातून दुरुस्ती केली, हेही त्याच लेखात नोंदवले आहे. धरणाचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न तेव्हाही महत्त्वाचा होता.

कान्हेरीच्या लेण्यांत डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी पन्हळींतून टाक्यांत साठवण्याची व्यवस्था आजही पाहता येते. तेथील शिलालेखांत पाण्याच्या टाकीला 'पोढी' म्हटले आहे आणि ती दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. सोपारा, कल्याण येथील उपासकांचा कान्हेरीशी संबंध होता. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरला. तेथे अशोकांच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावला सापडला. म्हणजे वसईच्या मातीत पाणीदानाची आणि लोककल्याणाची परंपरा बाहेरून आणावी लागत नाही.

धरणांनी आपला वारसाही बुडवला आहे. आंध्रातील नागार्जुनकोंडा हे खोरे नागार्जुनसागरच्या पाण्याखाली गेले. त्याआधी उत्खनन करून काही अवशेष उंचावर हलवण्यात आले. गुजरातमध्ये शामळाजीजवळचा देवनी मोरीचा स्तूप मेश्वो जलाशयात गेला. दगडी स्तूप हलवण्यासाठी देशभर चर्चा झाली, ते योग्यच होते. तेवढीच आस्था माणसांची गावे हलवताना दिसली नाही.

बाबासाहेब आणि पाण्याचा प्रश्न

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी प्राशन केले. तो लढा सार्वजनिक पाण्यावरच्या समान हक्काचा होता. पुढे जुलै १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. सिंचन आणि वीज हे विषय याच खात्याकडे होते. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात दामोदर खोऱ्याची आणि ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकला ओरिसातील नद्यांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली. एकाच योजनेतून पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक साधावी, प्रांतांच्या सीमांपेक्षा संपूर्ण नदीखोरे हा नियोजनाचा घटक मानावा, ही त्यांची दृष्टी. आजच्या केंद्रीय जल आयोगाची पूर्वसंस्था १९४५ मध्ये त्यांच्याच काळात स्थापन झाली.

काही कार्यकर्ते म्हणतात, बाबासाहेब मोठ्या धरणांच्या बाजूने होते, मग विस्थापितांची बाजू घेणे हा त्यांना विरोध आहे. हे बरोबर नाही. बाबासाहेबांना विकास हवा होता तो दुष्काळ आणि दारिद्र्यातून माणसाला सोडवण्यासाठी. एका वंचिताला पाणी देण्यासाठी दुसऱ्या वंचिताला कायमचे वंचित करणे हा त्या विकासाचा अर्थ होत नाही. महाड आणि दामोदर एकत्र वाचले तरच बाबासाहेबांची जलदृष्टी समजते: पाणी साठवा, पण त्यावरचा हक्क समान ठेवा.

कायदे काय सांगतात

डहाणू आणि विक्रमगड हे तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली येतात. पालघर आणि वसई तालुक्यांचाही काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. तेथे पुढील तरतुदी महत्त्वाच्या आहेत.

१९९६ चा पेसा कायदा: भूसंपादन आणि पुनर्वसनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी विचारविनिमय बंधनकारक. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ मध्ये आले.

२००६ चा वनहक्क कायदा: वैयक्तिक आणि सामूहिक वनहक्क. ज्यांच्या नावे सातबारा नाही, त्यांच्यासाठी हा दावा निर्णायक ठरतो.

२०१३ चा भूसंपादन व पुनर्वसन कायदा: अनुसूचित क्षेत्रात संपादनाआधी ग्रामसभेची किंवा संबंधित पंचायतीची संमती. सिंचन व जलविद्युत प्रकल्पात पाणी भरण्याच्या सहा महिने आधी पुनर्वसन पूर्ण झाले पाहिजे. जमिनीवर उपजीविका करणारे भूमिहीनही बाधित कुटुंबाच्या व्याख्येत येतात.

राज्यातील पुनर्वसन कायदा आणि जलनीती: प्रकल्पग्रस्तांसाठी महाराष्ट्राने १९७६ मध्येच कायदा केला, पुढे १९९९ चा कायदा आला. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाचा क्रम शेतीच्या वर होता. विरोधानंतर २०११ मध्ये शेतीला उद्योगाच्या वर आणले गेले. २००५ च्या कायद्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले. पाणीवाटपाविरुद्ध तेथे दाद मागता येते.

तरुणांनी काय करावे

पहिले काम माहितीचे. सूर्या प्रकल्पात आज कोणाला किती पाणी मंजूर आहे, किती कालवे पूर्ण आहेत, प्रत्यक्ष किती हेक्टर भिजते, चंद्रनगर-हनुमाननगरमध्ये कोणत्या नागरी सुविधा देय होत्या आणि किती दिल्या, देहरजीत किती कुटुंबांचे पुनर्वसन बाकी आहे, हे प्रश्न माहिती अधिकारात विचारावेत. सातिवली-वालीवच्या वस्त्यांना प्रतिमाणशी किती लिटर पाणी मिळते, हेही महापालिकेला विचारावे. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवली की प्रश्न कोठे अडला आहे, ते दिसेल.

दुसरे काम भेटीचे. वर्षातून एकदा विहाराची सहल धामणीला न्यावी, पण जलाशयाचे फोटो काढून परत येऊ नये. पुनर्वसित वस्तीत बसावे, ऐकावे. मदत वाटायला गेल्यासारखे वागू नये. त्यांचे पाणी आपण पितो, तेव्हा देणेकरी आपण आहोत.

तिसरे काम आपल्या शहरातले. गळती थांबवणे, विहिरी व तलाव जपणे, इमारतींवर पावसाचे पाणी साठवणे, कारखान्यांना प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरायला लावणे, या मागण्या महापालिकेकडे लावून धराव्यात. वसईच्या बावखलांनी आणि विहिरींनी शतकानुशतके बागायत जगवली. शहराने एक लिटर वाचवला तर नव्या धरणाची गरज तितकी कमी होते.

चौथे काम एकजुटीचे. आदिवासी संघटना पाण्याच्या वाटपावर आंदोलन करतात तेव्हा शहरातील बौद्ध संघटनांनी पाठिंब्याचे निवेदन द्यावे. चाळीतल्या पाण्यासाठी आपण मोर्चा काढू तेव्हा त्यांनाही बोलवावे. सिद्धार्थाने शाक्य संघात सुचवलेल्या पाच जणांच्या समितीसारखे काहीतरी येथेही हवे: धरणाकाठचे, कालव्याखालचे, उद्योगातले आणि शहरी वस्त्यांतले प्रतिनिधी समोरासमोर बसतील आणि दर उन्हाळ्यापूर्वी पाण्याचा हिशोब जाहीर होईल, अशी व्यवस्था.

शाक्य संघाने ती सूचना बहुमताने फेटाळली. वसई-विरारमध्ये मते शहराकडे आहेत आणि पाणी डोंगराकडे. आपण शहरात राहतो, म्हणून या बहुमतात आपणही मोजले जातो. रोहिणीकाठी सिद्धार्थ आपल्याच माणसांच्या सभेत उभा राहून बोलला होता. सातिवलीच्या, नालासोपाऱ्याच्या, विरारच्या विहारांत पाण्याचा विषय निघेल तेव्हा धामणीच्या माणसाची बाजू मांडायला आपल्यापैकी कोणीतरी उभे राहिले पाहिजे.

जयभीम. नमो बुद्धाय.